अमावास्येला लावलेला रेडिओ

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. येळ्ळूरच्या माझ्या आईलाही नाही — आणि तिला तर आज भाजी काय केली इथपासून सगळं सांगायची मी. लांबण लावायचा माझा स्वभाव नाही. पण हे सांगताना जरा अडखळेन, तेवढं चालवून घ्या.

आमचं घर वडगावचं, साड्या विणणारं. मागच्या सोप्यात चार यंत्रमाग. मी थोरली सून, सुमन धाकटी. चाव्या माझ्या कमरेला, सासऱ्यांचा — आप्पांचा — विश्वासही माझ्यावरच. मग हेवा कसला वाटला? मला काय कमी होतं?

सांगलीच्या रेडिओचे लोक निपाणीला बायकांच्या ओव्या रेकॉर्ड करायला आले होते. आम्ही दोघी गेलो. एकेकीला आत बोलवत होते. मी चार ओव्या म्हटल्या. "छान" म्हणाले आणि पुढचीला हाक मारली. सुमन आत गेली ती अर्ध्या तासानं बाहेर आली. पुढं पत्र आलं — सुमनच्या ओव्या गुरुवारी दुपारी लागणार. तिच्या एकटीच्या. त्या ओव्या माझ्या आईच्या होत्या. कांड्यांवर सूत भरता भरता मीच तिला शिकवलेल्या.

तिचा भाऊ मच्छेला कारखान्यात होता. त्यानं तिला नवा कोरा रेडिओ आणून दिला. धारवाड खणखणीत लागायचं. सांगली लावली की नुसती घरघर. शहापूरचा बसू रेडिओ दुरुस्त करायचा, त्याला बोलावलं. त्यानं कान लावला आणि हसला. "आक्का, बाई गायलीया का तुमच्या मागाची मोटार गायलीया, कळंना की!" मागांच्या मोटारींची घरघर रेडिओत शिरते, सेट उघडून सांगलीसाठी जुळवून देतो, कौलांवर एरियल बांधतो, एक तार ओल्या मातीत पुरतो — चाळीस रुपये म्हणाला.

आप्पा तेव्हा घरात नव्हते. आल्यावर त्यांनी मलाच विचारलं. "काय करूया? नवा डबा फोडायचा म्हंजे जिवावर येतंय बघ."

बसूचं काम चोख होतं. शहापूरला माझ्या मामेबहिणीच्या घरी त्यानं हेच करून दिलं होतं. तिथं माग धडधडत असताना मी स्वतः सांगली ऐकली होती. हे बोलायला किती वेळ लागला असता? मी बोलले नाही. म्हणाले, "आप्पा, उद्या एकदा लावून बघूया. नीट लागला तर कशाला उघडायचा?"

दुसऱ्या दिवशी अमावास्या होती.

अमावास्येला आमच्याकडं माग बंद. आमचेच नाही, सगळ्या गल्लीचे. मी विसरले होते का? नाही. म्हणूनच तो दिवस धरला. सांगली अशी लागली की बातम्या सांगणारा आमच्या सोप्यात बसून बोलतोय. आप्पा खूश, बसूला आता नको म्हणाले. सुमन घाईनं म्हणाली, "आप्पा, आज माग बंद हाईत म्हणून —" तिचं बोलणं मी तिथंच तोडलं. "भावानं दिलेला रेडिओ खोटा हाय म्हणतीस व्हय गं?" सगळे हसले. माहेरचं नाव काढल्यावर कोण बोलेल? आणि ते मला ठाऊक नव्हतं?

गुरुवारी सोप्यात सतरंजी पडली. गल्लीतल्या बायका आल्या. आप्पांनी आपले चारही माग बंद केले — पण गल्लीचे कोण बंद करणार? मी तिथं नव्हते. आईला बरं नाही म्हणून सकाळीच येळ्ळूरला गेले होते. आई धडधाकट होती, भुईमूग फोडत बसली होती. तिथं मागही नाहीत, मोटारीही नाहीत. ती रानात गेल्यावर मी भावाचा ट्रान्झिस्टर घेतला आणि घरामागच्या परड्यात जाऊन बसले.

सुमन गायली. चांगली गायली — माझ्यापेक्षा चांगली, हे तेव्हाही कळत होतं. मग रेडिओवरच्या बाईंनी विचारलं, ओव्या कुणाकडून शिकलात? सुमन म्हणाली, "माझ्या थोरल्या जाऊबाईंकडनं. त्यांच्या आईच्या हाईत. आमच्या आक्का शिकवत्यात, पण कुणाला सांगत न्हाईत." आणि तिनं माझं नाव घेतलं. माहेरच्या आडनावासकट.

संध्याकाळी घरी आले. सतरंजी अजून तशीच पसरलेली. सुमन कांड्या भरत होती. "नुसती घरघर, आक्का. तुमी तरी ऐकलं न्हवं?"

"न्हाय गं. सेल संपलेलं."

तिनं मान हलवली. रेडिओवर काय बोलली, ते तिनं कधीच सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. दहा वर्षं होत आली. बसूला पुन्हा कुणी बोलावलं नाही. रेडिओ अजून फळीवर आहे, धारवाड चांगलं लागतं.

परवा कांड्या भरताना तिनं तीच ओवी धरली. पहिली ओळ म्हटली आणि दुसरीसाठी माझ्याकडं बघितलं. मी सुताचं टोक शोधत राहिले.

ऐकलं होतं मी. शब्द न् शब्द.