पाणबुडीतला तांबडा दिवा

जोंधळं अर्धं पाखडून झालं होतं, सूप हातातच होतं, तेवढ्यात मागच्या शेडमधून धनाजी भावजींची हाक आली, "वहिनी, या लवकर! उजेड जमला!"

हे माझे धाकटे दीर. फौजेच्या वर्कशॉपात नोकरी करून पेन्शनीवर गावी आले. आता आसपास कुणाची पाण्यातली मोटर अडकली की बोलावणं यांनाच. आमच्या मळ्यातल्या विहिरीत ते पोहायला शिकले, पण तिचा तळ कधी दिसला नाही, हे लहानपणापासून त्यांच्या डोक्यात आहे. म्हणून भंगारातली लोखंडी टाकी आणून त्यांनी एका माणसापुरती पाणबुडी बनवली. पुढं जाड काचेची गोल खिडकी, आत बसायला पाट, हवेचं नळकांडं आणि हवा किती उरली ते दाखवणारा काटा. साखळीनं विहिरीत सोडायची, साखळीनंच वर ओढायची. आज दुपारी पहिल्यांदा उतरणार होते. राजेश्वरी, त्यांची बायको, कालपासून धड जेवली नव्हती.

आधी आत पांढरा दिवा होता. पण उजेड जास्त झाला की काचेत आपलंच तोंड दिसतं, बाहेरचं पाणी दिसत नाही म्हणे. म्हणून आता मिणमिणता तांबडा. उजेड कमी झाला म्हणून एवढा खूश झालेला माणूस मी तरी बघितला नव्हता.

"भावजी, एवढ्याशात काय दिसणार?"

"लय दिसतंय. डोळं सरावलं की बास. राजेश्वरी, बस की आत, बघ."

"मला न्हाई बसायचं तुमच्या डब्यात," असं म्हणत ती बसली. भावजींनी शेडचं दार लोटलं. मी खिडकीतून आत बघितलं. राजेश्वरीचं कपाळ कोरं होतं.

"अगं, तुझं कुंकू!"

ती धडपडत बाहेर आली, दार उघडून उन्हात उभी राहिली. कुंकू जागच्या जागी. सकाळी आम्ही दोघींनी एकाच करंड्यातलं लावलं होतं. पुन्हा आत बसवलं, पुन्हा गेलं. मी तोंडानं देवाचं नाव घेत होते, पण कशासाठी ते मलाच कळेना.

"आक्का, ह्यांना सोडू नका पाण्यात," ती रडकुंडीला आली. "आनखी कसला कौल पायजे?"

भावजी हसायला लागले. "आवं, कौल-बिल काय न्हाई. तांबड्या उजेडात तांबडं दिसत न्हाई, एवढंच हाय."

राजेश्वरीनं डोळे पुसले. "व्हय? मग त्या हवेच्या काट्याखाली तुमी तांबडी रेघ मारलीया, ती दिसती का? बघा की जाऊन."

काटा त्या रेघेला टेकला की हवा संपत आली, लगेच वर ओढायची खूण करायची, असं त्यांनी स्वतःच आम्हाला समजावलं होतं. ते आत वाकले. काट्याखाली बोट फिरवून रेघ शोधली. मग दिवा बंद करून बाहेर आले. चेहरा उतरला होता.

"पांढऱ्या दिव्यात मारली व्हती," एवढंच म्हणाले. मग बायकोकडं न बघता, "आज न्हाई उतरत."

मी देवापुढं जाऊन हात जोडले. देवानं दाखवलं म्हणावं, तर भावजी म्हणतात ते खोटं नाही. मी स्वतः जाऊन बघितलं, कुंकवाच्या करंड्याचं तांबडं झाकणसुद्धा त्या दिव्यात फिकटलं. नुसता उजेडाचा खेळ म्हणावं, तर तो नेमका आजच, उतरायच्या आधी, तिच्याच कपाळावर का दिसला? राजेश्वरीला विचारलं तर ती म्हणाली, "आक्का, मला त्यातलं काय कळत न्हाई. भूक लागलीया." दोन भाकऱ्या खाल्ल्या तिनं.

विहिरीत उतरायचं त्यांनी सोडलेलं नाही. आत्ता ते कोरेगावला गेलेत, काळ्या रंगाची डबी आणायला.