बंडीच्या फळ्या आणि व्हॅनची वायरिंग

बाबांचा गुडघा गेला आणि मोटरसायकलवर मागे बसणं बंद झालं. त्या वर्षी पेरणी झाली, निंदण झालं, पराटीला, म्हणजे कपाशीला, बोंडं लागली, पण बाबांनी वावर पाहिलंच नाही. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसवून नेतो म्हटलं, तर म्हणाले, "मी काय खताचं पोतं हाओ?"

आमच्या बेला गावाकडे कापूस वेचायच्या आधी वावरात सीतादही करतात. पराटीपाशी दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, आणि तोही घरातल्या मोठ्या माणसाच्या हातानं. त्या वर्षी बाबा म्हणाले, "तूच कर. माह्यं झालं आता." ते 'झालं आता' माझ्या काळजात रुतलं. मी ठरवलं, बाबांना वावरात न्यायचं, आणि चांगलं गादीवर बसवून न्यायचं.

म्हणून अंगणात गाडी बांधायला घेतली. सांगाडा आणि इंजिन भंगारात निघालेल्या एका व्हॅनचं, वरचं अंग आमच्या मोडक्या बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, सागवानी फळ्यांचं. राहिली वायरिंग. तीही त्याच व्हॅनची काढायची होती. वेणीइतका जाड तो वायरींचा गुंता पाहून मी सरळ पक्कड लावायला निघालो, तर बायकोनं हात धरला. "आधी चिंध्या बांधा, मंग काढा." जुन्या साड्या फाडून तिनं प्रत्येक टोकाला चिंधी बांधली: हिरवी हेडलाइटची, पिवळी इंडिकेटरची, जरीची हॉर्नची. हॉर्नला जरी काऊन, विचारलं तर म्हणाली, "मिरवते तेच ना."

चिंधी पाहून पाहून सगळी टोकं नव्या गाडीत जागच्या जागी बसवली. गावातल्या विहिरींवरच्या मोटारी मीच दुरुस्त करतो, त्यामुळे अंगात तोरा होताच. बाबांना ओसरीवर बसवलं, शेजारी गोळा केले आणि चावी फिरवली.

काहीच नाही. साधा टक आवाजसुद्धा नाही.

मी रागीट माणूस. पाना असा भिरकावला की कोंबड्या कुंपणापार झाल्या. ओसरीवरून बाबा म्हणाले, "अर्थिंग भेटून नाई राह्यली तिले." मला एकदम पटलं. विहिरीवरची मोटार रुसली की आम्ही पहिल्यांदा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओततो. मग काय, चाकाजवळ लोखंडी सळई ठोकली, बुडाशी मिठाचं पाणी ओतलं आणि बॅटरीच्या काळ्या वायरीला तार जोडून ती सळईला बांधली. शेजारी म्हणाले, मीठ कमी पडलं. आणखी ओतलं. चावी फिरवली. गाडी ढिम्म.

रिकामी बादली घेऊन उभ्या असलेल्या बायकोनं विचारलं, "अवो, गाडी चालू झाली त हे सळई संगं येईन का वावरात?"

सगळे खो खो हसले. बाबा तर सगळ्यात जास्त. मीही कान लाल करून हसलो आणि हसता हसताच गाडीच्या बुडाशी वाकून पाहिलं. व्हॅनमध्ये ती काळी वायर पत्र्याला आवळलेली होती. तीच मी चिंधीबरहुकूम आणून सागवानी फळीला आवळली होती! व्हॅनचा सगळा पत्राच वीज परत बॅटरीकडे नेत होता. आमच्या बंडीचं लाकूड ती कशी नेणार? मग बॅटरीची काळी वायर इंजिनाला जोडली, तिथून एकेका दिव्याला नेली, आणि चावी फिरवल्याबरोबर इंजिन धडधडलं. एक खोड तेवढी राहिली. ब्रेक दाबला की हॉर्न वाजायचा. ती तशीच राहू दिली, वावराकडे जाणाऱ्या पांदणीतले बैल तरी बाजूला होतात.

सीतादहीच्या दिवशी सकाळी बाबांना गादीवर बसवून पांदणीनं नेलं. त्यांनी नैवेद्य दाखवला, दहीभात चहूकडे टाकला आणि माझा खांदा धरून पराटीच्या एका ओळीतून हळूहळू चालत गेले. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी येईल. पण ते वळले ते खेकसतच.

"लेका, किती दाट लावली रे पराटी? हवा कुठून लागन तिले? पुढच्या पेरणीले मले पयले घेऊन येजो. तुह्या भरोशावर नाई सोडत मी वावर आता."

इतक्या शिव्या आयुष्यात मला कधी गोड लागल्या नव्हत्या. पाणी आलं ते माझ्याच डोळ्यांत, आणि मी म्हणालो, "हो बाबा, आणतो."