राक्षसांच्या तोंडची भाषा

कॉलेजात माझ्या नवऱ्याला पोरं 'राक्षसमास्तर' म्हणायची. समोर नाही, पाठीमागे. पण त्याला ठाऊक होतं आणि मनातून तो खूशही होता. अद्भुत कादंबऱ्यांमधली माणसं, राज्यं, डोंगर यांची नावं आणि तिथल्या बनावट भाषा हा त्याच्या अभ्यासाचा विषय. लग्नाआधी मी हे ऐकलं तेव्हा, याचा पगार मिळतो ना, एवढंच विचारलं होतं.

विषय वाटतो तितका पोरकट नव्हता. लेखक राजकन्येच्या नावात ल, म, य घालतात आणि राक्षसाच्या नावात ख, घ, ढ कोंबतात, हे त्याने ढीगभर पुस्तकं चाळून दाखवून दिलं होतं. "आवाज वाईट नसतो गं," भाजी निवडता निवडता तो मला सांगायचा. "ज्या शेजाऱ्याची भीती वाटते, त्याचा आवाज आपण राक्षसाला देतो."

हे त्याला पुस्तकांतून कळलं नव्हतं. सासूबाई डोंगरातल्या एका वस्तीतल्या. वस्ती उठली, माणसं पांगली, आणि तिथली घशातून बोलायची भाषा शेवटी त्या आणि त्यांची बहीण, दोघींपुरती उरली. बहीण गेल्यावर त्या आणि माझा नवरा. गणवेश शिवायच्या कारखान्यात कॉलर जोडण्यात सासूबाईंचा जन्म गेला. तिथल्या बायका त्यांच्या बोलण्याला हसायच्या, म्हणून बाहेर त्या तोंडाला कुलूप लावायच्या. घरात आल्या की मात्र मायलेकांचं सुरू. मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, पण दोघं हसायला लागली की मीही उगाच हसायचे. माझ्याशी त्या शहरातल्या भाषेत बोलायच्या, अडखळत, एकेक शब्द चाचपून.

मग मालिकावाले आले. त्यांच्या कथेत राक्षसांचं सैन्य होतं आणि त्या सैन्याला भाषा हवी होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भाषांची चिरफाड केलेल्या माणसाला कुणीतरी पहिल्यांदाच म्हणालं, तू एक बनव. हरखलाच तो. व्याकरण रचत बसला, जेवायला हाका माराव्या लागायच्या. दिग्दर्शकाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, बरोबर आहे सगळं, पण जीव नाही हो यात."

ते त्याच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता आणि सासूबाई उतू गेलेल्या दुधावर आपल्या भाषेत करवादत होत्या. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पाहिलं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

"आईंना विचारलंस का?" मी म्हटलं.

"अगं, ही भाषा आईबरोबर संपणार. आता लाखो लोक ऐकतील, पोरं पाठ करतील. आणि खरा अन्याय राक्षसांवरच झालाय, हे मालिकेच्या दुसऱ्या पर्वात दाखवणार आहेत. कबूल केलंय त्यांनी."

"पण विचारलंस का?"

"तिला एकदम टीव्हीवरच ऐकवू. खूश होईल."

शिकलेला माणूस शेण खातो ते कारणांसकट खातो. मी आणखी दोनदा टोकलं, मग गप्प बसले.

मालिका सुरू झाली त्या दिवशी त्याने सासूबाईंना मधल्या खुर्चीत बसवलं. त्या मटार सोलत होत्या. पडद्यावरून आवाज आला आणि त्यांचे हात थांबले. स्वतःची भाषा परक्या तोंडून, एवढ्या मोठ्याने, त्या जन्मात पहिल्यांदा ऐकत होत्या. त्यांचा चेहरा असा फुललेला मी कधी पाहिला नव्हता. मग त्यांनी चष्मा सारखा करून बोलणारा कोण ते पाहिलं. सुळे, अंगभर केस, हातात कापलेलं मुंडकं. लहानपणी ज्या शब्दांनी त्या माझ्या नवऱ्याला जेवायला बोलवायच्या, त्याच शब्दांनी तो राक्षस सैन्याला गाव लुटायला बोलवत होता. हे नवऱ्याने मला नंतर सांगितलं.

"आमच्या वस्तीची माणसं आहेत ही?" त्यांनी विचारलं. मला विचारलं, शहरातल्या भाषेत.

"नाही हो आई, नाटक आहे."

"मग दात असे का?"

नवरा त्यांच्या भाषेत समजावत राहिला. त्या मटार सोलत राहिल्या.

मालिका तुफान चालली. गल्लीतली पोरं काठ्या घेऊन त्या भाषेत ओरडत एकमेकांवर धावायची. एकदा नवरा छत्री विसरून जिना उतरला, तेव्हा सासूबाईंनी वरून हाक मारली. सवयीने, आपल्या भाषेत. खाली खेळणारी पोरं किंचाळत पळाली, "म्हातारी राक्षसीण आली!" त्यातली दोन खरोखर रडत होती.

त्या दिवसापासून त्यांनी ती भाषा टाकली. मुलाशीसुद्धा. तो वस्तीच्या भाषेत विचारायचा, त्या शहरातल्या भाषेत उत्तर द्यायच्या, आणि शहरातल्या भाषेत त्यांना धड रागावताही यायचं नाही. मायलेकांचं घर मुकं झालं. त्याने मालिकावाल्यांना फोन केले. ते म्हणाले, सर, लोकांना तुमची भाषाच तर आवडलीय! दुसऱ्या पर्वात त्यांनी सगळे राक्षस जाळले. मला त्याची कीव यायची आणि रागही यायचा, राग जास्त. त्याला आता एवढंच हवं होतं, आईने एकदा, एकदाच आपल्या भाषेत बोलावं. शिवी दिली तरी चालेल, म्हणाला.

पावसाळ्यानंतर सासूबाईंच्या फुप्फुसात पाणी झालं. डॉक्टरांनी हात टेकले. बायकामुलांच्या वॉर्डात भेटीच्या वेळी तो उशाशी बसून त्यांच्या भाषेत बोलत राहायचा. वस्तीबद्दल, मावशीबद्दल, कशाकशाबद्दल. त्या डोळे मिटून असायच्या. ऐकतात की नाही, तेही कळत नव्हतं.

शेवटच्या दुपारी त्यांनी डोळे उघडले. तो वाकला आणि भडाभडा बोलायला लागला, रडत, मोठमोठ्याने. मला शब्द कळत नव्हते, पण माफी कुठल्याही भाषेत कळते. सासूबाईंनी सुई टोचलेला हात कष्टाने उचलला आणि त्याच्या तोंडावर ठेवला.

"हळू," त्या शहरातल्या भाषेत म्हणाल्या. "शेजारच्या खाटेवर लहान पोर आहे. घाबरेल ती."