दुर्गावहिनी नळात उतरल्या तेव्हा

चाकणच्या अलीकडे आमचं गाव. वरच्या टेकडीत झरा आहे आणि तिथून गावच्या हौदापर्यंत जमिनीखालून दगडी नळ आलेला आहे. नळ म्हणजे तोटी नव्हे; माणूस वाकून चालेल एवढं, चुन्यात बांधलेलं भुयार. वाटेत हवेसाठी आणि उतरण्यासाठी विहिरीसारखी तोंडं ठेवलेली आहेत, त्यांना आम्ही उच्छ्वास म्हणतो. नळ साफ ठेवायचं काम ज्योतीरामच्या घराकडे होतं. त्याला दमा लागला आणि ते काम त्याच्या बायकोनं, दुर्गाबाईंनी अंगावर घेतलं. मी शेजारी, म्हणून मला त्या वहिनी. त्यांच्याबद्दल कुणी काही लिहिलेलं मी पाहिलं नाही, म्हणून मीच लिहायला बसलो आहे. जमेल तसं.

सन छपन्नच्या उन्हाळ्यात हौद कोरडा पडला. झरा तर वाहत होता. सरपंच यशवंतरावांनी सांगून टाकलं, "जत्रेपर्यंत पाणी आलं तर ठीक. न्हाईतर सगळे उच्छ्वास मुरुमानं बुजवू आन् ओढ्यावरच्या विहिरीला इंजिन बसवू. ज्योतीरामला पिंपरीच्या नव्या कारखान्यात चिकटवून देतो."

ज्योतीराम तयार होता. वहिनी नव्हत्या. "सासऱ्यांनी माज्या भरवशावर सोडलेला नळ हाय. त्यो बुजवायचा न्हाई," एवढंच त्या म्हणाल्या.

त्यांनी एकेका उच्छ्वासात दगड टाकून पाहिला. वडाजवळच्या उच्छ्वासात डुबुक असा आवाज आला. त्याच्या खालच्यात दगड कोरडाच आपटला. म्हणजे अडलं होतं ते या दोहोंच्या मध्ये. पाणी वरच्या बाजूला तुंबलेलं, तेव्हा खालून शिरल्याशिवाय इलाज नव्हता.

जत्रेच्या आदल्या सकाळी त्यांनी कासोटा घट्ट केला आणि कमरेला दोर बांधला. दोर ज्योतीरामनं आणि मी धरला. निम्मं गाव जमलं होतं.

"भाऊजी, दोर ढिला सोडू नका. न्हाईतर जत्रेला बोकडाऐवजी तुमालाच कापीन," असं म्हणून त्या कंदील आणि दोर बांधलेली पाटी घेऊन वडाच्या खालच्या उच्छ्वासात उतरल्या.

दोर सरकत राहिला, मग थांबला. आतून आवाज आला, "नारळ हायेत!"

"काय?" ज्योतीराम तोंड आत घालून ओरडला.

"नारळ. खण. बांगड्या. हळकुंडं. भिंतच झालीय हितं."

आमच्याकडच्या बायका साती आसरांची ओटी वडाजवळच्या उच्छ्वासात सोडत. पाण्याच्या देवता त्या, पाण्यातच ओटी द्यायची. कुणाच्या आज्यापासून चालत आलेलं. खाली पाणी वाहतं आहे आणि ओटी कुठंतरी अडकते आहे, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

यशवंतराव म्हणाले, "वर या, दुर्गाबाई. देवीची वटी हाय ती. हात लावायचा न्हाई. बुजवून टाकू, विषय संपला."

बायकांनी माना हलवल्या. ओटी दिली की परत घेत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक. त्या घटकेला नळ गेलाच असं मला वाटलं.

आतून वहिनींचा आवाज घुमत आला, "परत कोन घेतंय? आसरा सात जनी, आन् आपण त्यांच्या दारात अडगळ रचलीय. त्यांनी जायचं कुटनं? सोजरामामी हायत का वर?"

सोजराबाई गावात सगळ्यांत थोरल्या. सगळ्यांत जास्त ओट्या बहुतेक त्यांच्याच.

"हाय," त्या म्हणाल्या.

"मी पाटी भरते. तुमी तुमच्या हातानं वर घ्या. बायकांचं बायकांनी काढलं तर कुनाला राग न्हाई."

सोजराबाईंनी वडाकडे बघून हात जोडले. मग पदर कमरेला खोचून पुढं आल्या आणि मला म्हणाल्या, "सरक रं बाजूला. पाटीचा दोर हिकडं दे."

पहिली पाटी वर आली. चिखलात लडबडलेले नारळ, कुजलेले खण, हिरव्या काचा. सोजराबाईंनी एक नारळ पदरानं पुसला, कपाळाला लावला आणि वडाखाली नेऊन ठेवला. त्यानंतर दुसऱ्या पाटीला हात लावायला बायकांची चढाओढ लागली. "हा माज्या चोळीचा खण," "गप, तुजं लगीन तरी झालं हुतं का तवा?" असा कालवा सुरू झाला.

आणि एकाएकी आतून घरघर ऐकू आली.

"ओढा!" वहिनी ओरडल्या.

आम्ही ओढलं. दोर कधी ताठ, कधी सैल. आधी उच्छ्वासाच्या तळाला गढूळ लोंढा धडकला आणि त्यातच वहिनी आल्या, डोकं वर, कंदील गेलेला. ज्योतीराम खोकत होता, पण दोर सोडला नाही. चार-पाच बायकाही दोराला लागल्या. वर आल्या तेव्हा वहिनींचं कोपर फुटलं होतं आणि त्या हसत होत्या.

सगळे हौदाकडे पळाले, मीही पळालो. आधी तांबडं पाणी आलं, मग त्यातून बांगड्यांचे तुकडे, मग नितळ धार. बायका घागरींसाठी घराकडे धावल्या.

यशवंतराव काठावर उभे होते. "इंजिनाचं काय करायचं मग?" ते कुणाला तरी विचारत होते.

वहिनी भिजलेल्या लुगड्यानिशी तिथं आल्या. "सरपंच, आत दोन ठिकाणी दगड सुटलेत. जत्रा झाली की चुना मागवा. आन् उच्छ्वासांवर लोखंडी जाळ्या."

"आन् वटी?"

"हौदाच्या काठावर देऊ की. आसरा हितवर येतातच."

यशवंतरावांनी धारेखाली हात धरला, तोंड धुतलं आणि म्हणाले, "चुना किती लागंल?"