राखणदाराचा पहिला घोट

मी मुंबईला निघालो त्या सकाळी वडिलांच्या कपाळातून रक्त वाहत होते. आमच्या आणि काकांच्या आवारामधल्या गडग्यातला, म्हणजे रचलेल्या कुंपणातला, एक दगड उचलून काकांनी तो त्यांना मारला होता.

कारण आदल्या दिवशीचे होते. आमच्या वाडीत जमिनीच्या राखणदाराला वर्षातून एकदा कोंबडा आणि दारू देतात. आमच्या अंगणाकडेच्या झाडाखाली त्याचा दगड आहे, त्यावर पहिला घोट ओततात आणि गाऱ्हाणे घालतात, म्हणजे घरातल्या सगळ्यांची नावे घेऊन त्यांना सांभाळ असे मोठ्याने मागतात. एकजण मागतो, बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. मागण्याचा मान थोरल्या घराचा, म्हणजे काकांचा. त्या दिवशी काका बाजारातून लवकर परतले नाहीत आणि वडिलांनी बाटली स्वतः उघडली. मुलगा परक्या शहरात चालला आहे, त्याच्यावर नजर ठेव, एवढेच त्यांनी मागितले. काका आले तेव्हा दगड ओला होता. रात्र त्यांनी गप्प बसून काढली आणि सकाळी गडगा ओलांडून आले.

वडील पायरीवर बसले. टॉवेल कपाळाला दाबून धरला होता, तो बघता बघता लाल झाला. आई हातातली केरसुणी काकांवर उगारून ओरडत होती. मी ट्रंकेजवळ उभा होतो. वडील म्हणाले, “माझ्याकडे बघत राहू नको. गाडी चुकेल.”

काकांचा मुलगा महादेव माझ्यापेक्षा थोडा मोठा. त्याने माझी ट्रंक डोक्यावर घेतली. “त्यांचं ते बघतील,” तो म्हणाला, “तू चल.” हातखंब्याच्या तिठ्यापर्यंत आम्ही चालत गेलो. गाडी आल्यावर ट्रंक टपावर चढवली, पत्र्यावर थाप मारली आणि तो मागे वळला. मी गेलो, तो राहिला. पुढच्या सगळ्या वर्षांचा हिशेब या एका वाक्यात मावतो.

मुंबईत एका दैनिकात मी जिल्ह्यांच्या बातम्या संपादित करायचो. ‘किरकोळ वादातून मारहाण’ हे शीर्षक आठवड्यातून एकदा तरी द्यावे लागे. कारण एका ओळीत, जखमींची नावे दुसऱ्या ओळीत, पुढील तपास सुरू. ‘किरकोळ’ लिहिताना वडिलांचा टॉवेल डोळ्यांपुढे येई. दुसरा शब्द मला सापडला नाही आणि शोधायला वेळही नसायचा.

पुढे मी स्कॉटलंडमधल्या एका बंदराच्या गावात नोकरीला गेलो. वडील वारले, काकाही वारले. आई गावच्या घरात एकटी राहिली. पाण्याचा पंप, गॅसची टाकी, आमच्या कलमांची फवारणी, आंबे उतरवणे हे सगळे महादेवदादा बघू लागला. एकदा आईच्या छातीत कळ आली तेव्हा त्यानेच तिला रत्नागिरीला नेले. मला फोन दुसऱ्या दिवशी आला. गडग्यापलीकडे दादा आहे म्हणून आई त्या घरात राहू शकते, हे आम्हा तिघांनाही माहीत होते. कोणी ते बोलून दाखवत नसे.

जे बाहेर गेले त्यांना हे वेगळे सांगायला नको. आपण फोनवर विचारतो, बरी आहेस ना? आणि तिचे बरे असणे दुसऱ्या कोणाच्या तरी अंगमेहनतीवर चालू असते.

स्कॉटलंडमध्ये मी व्हिस्कीच्या टेस्टिंगला जायला लागलो. सहकारी कोणाच्या तरी घरी जमायचे. यजमान एखादी थीम ठरवायचा आणि बाटल्या कागदात गुंडाळून ठेवायचा, म्हणजे लेबल बघून कोणी मत देऊ नये. आधी फक्त वास, मग लहान घोट, मग पाण्याचे दोन-चार थेंब आणि पुन्हा वास. एकदा थीम होती धुराची. तिकडे दलदलीतली माती कापून वाळवतात आणि ती जाळून तिच्या धुरावर धान्य सुकवतात. त्या धुराचा वास व्हिस्कीत उतरतो. मी ग्लास नाकाशी नेला आणि मराठीत बोलून गेलो, “दाढ भाजतायत.” पावसाआधी भाताच्या रोपांची जागा, म्हणजे दाढ, पालापाचोळा, शेण आणि माती घालून जाळतात, तोच वास. भाजावळीचा. मेजावर कोणालाच कळले नाही. समजावून सांगितले तेव्हा त्यांनी माना डोलावल्या, तेवढेच.

त्या मे महिन्यात गावी येताना धुराच्या चार बाटल्या आणल्या आणि निमुळत्या तोंडाचे ग्लासही. ज्यांना हा वास सांगावा लागणार नाही अशा माणसांबरोबर त्या उघडायच्या होत्या. थीमचे नाव ठेवले, भाजावळ.

बोलावले तिघांना. दिनेश शाळेतला मित्र, मुंबईत बँकेत असतो, सुट्टीला आला होता. सुरेशही शाळेतलाच. तो गावातच राहिला, स्वतःच्या टेम्पोने आंबा मुंबईला नेतो. तिसरा महादेवदादा. तो म्हणाला, “झाडावरचा उतरवतो नि येतो. तुमी बसा.” झाड आमचे होते.

ऊन कलल्यावर अंगणात मेज मांडले. आम्ही दादासाठी थांबलो नाही.

“एवढाच?” दिनेशने ग्लास उन्हात धरला. “अरे, ह्याच्यात कावळ्याची चोच तरी बुडेल काय?”

“आधी वास घे,” मी म्हणालो.

“घेतला. पुढं?”

“परत घे.”

“वास घेऊन खाली ठेवायचा! दारू हाय की नैवेद्य?”

सुरेशने मात्र डोळे मिटून वास घेतला होता. “आयला,” तो हळूच म्हणाला, “माझ्या आजीच्या लुगड्याला ह्यो वास यायचा.” ज्यासाठी बाटल्या आणल्या होत्या ते एवढ्यात मिळाले होते. तिथेच थांबता आले असते. दुसऱ्या बाटलीनंतर वास घेणे बंद झाले आणि पिणे सुरू झाले.

तिसरी बाटली उघडताना दिनेशला आपलाच विनोद आठवला. “नैवेद्य हाय तर मालकाला नको दाखवायला?”

सुरेश उठला. ग्लास घेऊन झाडाखालच्या राखणदाराच्या दगडाजवळ गेला, खांद्यावर रुमाल टाकला आणि खाकरला. आम्ही हसलो. वाडीची गाऱ्हाणी आता महादेवदादा घालतो आणि प्रत्येक नावानंतर खाकरतो. सुरेशला नकला छान जमतात.

“बा म्हाराजा! ह्यो अविनाश इलायतेतून वासाची दारू घेऊन आलाय, त्याचं भलं कर!”

“व्हय म्हाराजा!” दिनेश ओरडला.

“दिन्याच्या बायकोला फोनवरून वास येऊ देऊ नको!”

“व्हय म्हाराजा!”

सुरेश पुन्हा खाकरला. “आणि जो कुठंच गेला नाय, त्या म्हादूला लोकांचे आंबे उतरवायला नि लोकांच्या आयशी सांभाळायला ताकद दे!”

“व्हय म्हाराजा!” या वेळी त्यात माझाही आवाज होता.

सुरेशने ग्लास दगडावर रिकामा केला आणि तो आमच्याकडे वळला. त्याच्या मागे, गडग्याच्या कोपऱ्यावर दादा उभा होता. डोक्यावर आंब्यांची करंडी, हातात झेला. झेला म्हणजे लांब बांबू, टोकाला लोखंडी कडी, कडीला जाळी आणि देठ कापायला पाते.

दादाने करंडी सावकाश खाली ठेवली. सुरेशकडे त्याने पाहिलेच नाही.

“अव्या,” तो म्हणाला, “तू पण व्हय म्हणालास?”

मी ग्लास मेजावर ठेवला. सुरेश हसत त्याच्यासमोर गेला आणि रिकामा ग्लास पुढे केला. “ये रे दादा, चिडतोस काय! तुझाच मान.”

झेला आडवा फिरला. कडी सुरेशच्या चेहऱ्यावर बसली आणि पाते भुवईपासून पापणीतून गालापर्यंत ओढले गेले. आवाज ओला नारळ फोडल्यासारखा होता. सुरेश पडला नाही. डाव्या हाताने डोळा दाबून त्याने उजव्या हाताने मेजावरची बाटली उचलली आणि दादाच्या जबड्यावर मारली. बाटली फुटली नाही, म्हणून पुन्हा मारली. दादाच्या तोंडातून रक्ताबरोबर एक दात बाहेर पडला. दिनेशने दादाला मागून मिठी घातली. दादाने त्याला उचलून मेजावर आपटले आणि ग्लासांसकट मेज मोडले. मी बांबू पकडला. त्याने बांबू सोडला, मला लाथेने गडग्यावर ढकलले आणि सुरेशच्या छातीवर बसला. फुटलेल्या ग्लासचे बूड त्याच्या मुठीत होते. त्या मुठीने तो मारत होता आणि प्रत्येक ठोशाला त्याचा स्वतःचा तळवाही कापत होता.

आई घरातून धावत आली आणि मागून दादाच्या पाठीवर पडली. त्याचे केस तिने दोन्ही हातांनी धरले. “म्हादू, सोड. म्हादू, मी हाय रे. काकी हाय.”

तो थांबला.

अंगणात व्हिस्की सांडली होती आणि भाजावळीचा वास सुटला होता. माणसाच्या रक्तात मिसळला तरी तो वास बदलत नाही.

सुरेशला त्याच्याच टेम्पोतून दिनेशने रत्नागिरीला नेले. डोळा वाचला नाही. दादा पळाला नाही. जबडा धरून तो गडग्यावर बसून राहिला. पोलिसांच्या गाडीत चढण्यापूर्वी त्याला बोलता येत नव्हते, म्हणून त्याने आईकडे पाहून चिमूट तोंडाशी नेली. संध्याकाळची गोळी घे, असे सांगत होता.

जबाब मला द्यायचा होता. दिनेश म्हणाला की झेला कसा लागला ते त्याने नीट पाहिले नाही. तो मेजामागे होता, हे खरे आहे. पहिला वार समोरून पाहणारा मी एकटाच. मी सांगितले तर दादा तुरुंगात जाऊ शकतो. मग आई त्या घरात राहू शकत नाही, आणि ते घर सोडायला ती तयार नाही. मी नाही सांगितले तर सुरेशने डोळा गमावला तो अपघातात, असे होईल.

सुरेशला भेटायला गेलो. अर्धा चेहरा पट्टीत होता. टेम्पो आता चालवता येणार नाही, हे त्याला डॉक्टरांनी सांगितले होते. “तू बघितलंस,” तो म्हणाला. “बघितलंस तेवढं सांग. जास्त नको, कमी नको.”

घरी आलो. आई अंगणातल्या काचा वेचत होती. तिला विचारले.

“सांगू नको असं मी म्हणत नाय,” ती म्हणाली. “सुरेशच्या पोराबाळांचं बी पोट हाय. पण सांगून तू इमानात बसशील. मी हितं बसेन. हाक कुणाला मारू ते तेवढं सांगून जा.”

“माझ्याबरोबर चल.”

“तिकडं जाऊन काय करू? वास घेऊ?”

पोलीस ठाण्यात मी पाहिले तेवढे सांगितले. झेला फिरवणारा कोण, पाते कुठून कुठे गेले, मग फुटक्या ग्लासचे ठोसे. त्याआधी गाऱ्हाण्यात काय म्हटले गेले आणि त्याला ‘व्हय’ कोणी म्हटले, हेही. बाटली सुरेशने मारली, दोनदा मारली, हेही. हवालदाराने विचारले, वार तुमच्यावरच करायचा होता का? मला माहीत नाही, असे मी म्हणालो. ते आजही खरे आहे.

सुरेशने त्यानंतर माझ्याशी बोलणे सोडले. निरोप दिनेशकडून आला. “माझा डोळा गेला आणि त्याने जबाबात बाटली लिहिली.” दादाचा जामीन झाला. खटला उभा आहे, तारखा पडतात, साक्षीला मला बोलावणे येईल. मी निघालो तेव्हा या वेळी मला तिठ्यापर्यंत कोणी सोडायला आले नाही.

पावसाळ्यात आई न्हाणीघरात पडली. हाक ऐकून दादाच आला. रस्ता चिखलाने बंद होता, म्हणून तिला पाठीवर घेऊन तो खालच्या सडकेपर्यंत चालला. जबडा नीट जुळला नसल्यामुळे त्याला अजून भाकरी चावता येत नाही. आई त्याला पेज करून देते. मी फोन केला की कधीकधी तोच उचलतो. माझा आवाज ऐकतो, काही न बोलता फोन आईच्या हातात देतो. मधल्या शांततेत पंपाचा आवाज येतो.

इथे स्कॉटलंडमध्ये गावाकडची चार माणसे जमली की कोणी ना कोणी विचारते, घर म्हणजे नक्की काय राहिले आता आपले? माझे घर ज्याच्या भरवशावर उभे आहे त्याच्याविरुद्ध मी साक्ष देणार आहे, आणि दोन्ही गोष्टी तशाच राहणार आहेत.

परवा आईला म्हणालो, साक्षीला येईन तेव्हा रत्नागिरीतच कुठेतरी उतरेन, दादाला अवघड नको.

“काय नको,” आई म्हणाली. “कोर्टातनं दोघं एकाच रिक्षात बसून घरी या. मी दोनदा चूल पेटवणार नाय.”