तात्या कधीच पडले नाहीत

निवडणुकीचे किस्से गोळा करावे लागत नाहीत. गवतातून चाललं की पायजम्याला कुसळं चिकटतात, तसे चिकटतात. एक उपटावं तर चार टोचतात. मी चौथी शिकलेला माणूस, पण दहिवडीकडच्या आमच्या गावात तात्या ग्रामपंचायतीला जितक्या वेळा उभे राहिले, तितक्या वेळा त्यांचा पोलिंग एजंट मीच. तात्या कधीच पडले नाहीत. जीव माझा पडायचा!

पहिल्या खेपेला तात्यांची निशाणी कंदील, समोर बापूची सायकल. मी घरोघर सांगत फिरलो, "बापूला हाणा!"

सखूआजी मत देऊन बाहेर आली ती लय खुशीत. "आबा, त्या सायकलीवर आसा दाबून शिक्का हाणलाय, बापू उठायचा न्हाई आता!"

रांगेत अजून आमच्याच तीसेक बाया! मी पळत सुटलो, "कंदिलावर हाणा गं, कंदिलावर!" पोलिसानं दंडाला धरून मला बाहेर काढलं. सखूआजी रांगेला सांगत होती, "बघा बायांनो, आबा फितूर झाला!"

पुढं एकदा हॉटेलात रेडिओ लागला होता. आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशात कुणी पुढारी पुन्हा निवडून आला, त्याच्यासमोर कुणी उभाच नव्हता, अशी बातमी.

तात्या म्हणाले, "आबा, त्येला झोप बरी लागत आसंल न्हाई?"

आमचा शिरपा टेलर मध्येच बोलला, "कशी लागंल? समोर कोण न्हाई म्हंजे समदी मागंच की!"

तात्यांनी चहा तसाच ठेवला आणि मागं वळून बघितलं. मागं आम्हीच बसलो होतो!

मतमोजणीला तात्या कधी थांबायचे नाहीत. मेंढरं घेऊन माळावर जायचे. जिंकलो की मी शाळेच्या पायरीवरून फेटा हलवायचा, अशी खूण. एका वर्षी मतं अशी बरोबरीनं चालली की मला दम निघेना. बाहेर येऊन फेटा सोडला आणि तोंड पुसलं. अर्ध्या तासात तात्या गुलालानं माखून, मेंढरांसकट शाळेत! मोजणी अजून अर्धी राहिलेली. मोजणीचे साहेब खेकसले, "ही कुणाची माणसं?"

त्या वर्षी तीन मतांनी निवडून आलो. मी आमच्या हक्काच्या मतांची यादी घेऊन जुळवत बसलो. आमच्यातलं एक तरी मत फुटलं होतं. शिरपानं बापूचा सदरा शिवलेला मी डोळ्यांनी बघितला होता.

"आरं, सदरा शिवला म्हंजे मत दिलं व्हय?" शिरपा म्हणाला.

मी त्याच्याशी बोलणं सोडलं. पाच वर्षं! पायजमा दहिवडीत शिवून आणला, त्याचा एक पाय आखूड. तसाच घातला.

मग शेवटची निवडणूक. तात्या आणि बापू, मतं सारखी! साहेब म्हणाले, चिठ्ठी काढू. त्यांनी चिठ्ठ्या लिहून तांब्यात टाकल्या. मी तिथंच शिरपाची गचांडी धरली. "बोल, कुणी खाल्लं ते एक मत?"

तात्यांनी मला बाजूला ओढलं. "आबा, सोड त्येला. त्ये मत माजं हाय."

"म्हंजे?"

"आपल्याच हातानं आपल्याला मत द्यायचं, बरं दिसतं का गड्या? मी पयल्यापास्नं बापूलाच देतोय."

शिरपा सदऱ्याची तुटलेली गुंडी शोधत होता. ती मीच वाकून उचलून दिली.

"बापूलाच काढू द्या," तात्या साहेबांना म्हणाले. बापूनं तांब्यात हात घातला. चिठ्ठी निघाली तात्यांची!

गुलाल उडाला. बापू मान खाली घालून निघाला. तात्यांनी त्याला पायरीवर गाठलं, खांद्यावर हात ठेवला.

"बापू, पुढच्या खेपंला बी माजं मत तुलाच!"

बापूनं हात झटकला. "तात्या, पडल्याल्या माणसाची आशी चेष्टा करू नगं!"