संज्ञासर

आमगावच्या आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर कुठल्याही चित्राला चांगलं किंवा वाईट म्हणत नसत. ते संज्ञा विचारत. "ही छाया का पडछाया? फरक सांग." उत्तर आलं नाही की कागद परत. म्हणून पोरांनी त्यांना संज्ञासर करून टाकलं. दहावीनंतर दोन वर्षं मी दर रविवारी त्यांच्या घरी शिकायला जायची. तेव्हा जेवढी वैतागले, तेवढी पुढे संसारातही वैतागले नाही.

संज्ञा पाठ केली तरी सुटका नसे. मी एकदा दृक्प्रत्ययवादाची, म्हणजे इम्प्रेशनिझमची, व्याख्या घडाघडा म्हटली. सरांनी वहीच काढून घेतली. "पाहून राहिली का पाठ करून राहिली? जाय, धुऱ्यावर बस. सकाळी, दुपारी, संध्याकाळी एकच बांधी रंगव. माहीत हाये ते नको काढू, दिसते ते काढ." दिवस भाताच्या रोवणीचे. बाया चिखलात वाकलेल्या आणि मी त्या भातखाचरातल्या पाण्याचा रंग बघत धुऱ्याच्या बांधावर बसलेली. आई कमरेवर हात ठेवून ओरडली, "साऱ्या गावाच्या पोरी रोवून राहिल्या, अन् हे पाणी पाहून राहिली!"

भित्तिचित्र शिकवायला त्यांनी स्वतःच्या घराची दर्शनी भिंत खरवडली, ओला चुना थापला आणि तो वाळायच्या आत मला घोडा काढायला लावला. रंग चुन्यात मुरला तो मुरलाच. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, बाहेर आल्या आणि कपाळ धरून बसल्या. "परवा आपल्या पोरीले पाहाले पाहुणे येऊन राहिले, अन् भिंतीवर हे गाढव कायले?"

"गाढव नोहे, फ्रेस्को होय," सर शांतपणे म्हणाले. पाहुण्यांनी पोरगी पसंत केली म्हणून बरं, नाहीतर काकूंनी मला आयुष्यभर माफ केलं नसतं.

मग नागपूरच्या कला महाविद्यालयाची प्रवेश परीक्षा आली. समोर मडकं, कापड आणि दोन कांदे. आधी डोळे भरून पाहायचं, ही सरांची शिकवण. मी पाहत बसले आणि वेळ संपली तेव्हा चित्र अर्धंच होतं. नापास झाले. वर्ष गेलं. रडत रडत सरांकडे गेले, तर त्यांनी विचारलं, "कांद्याच्या पडछायेचा रंग कोणता होता?"

"जांभळट," मी हुंदके देत म्हणाले.

"वा!" सर खूश झाले.

त्या 'वा'चा मला इतका संताप आला की मी त्यांच्याकडे जाणंच सोडलं. दुसऱ्या वर्षी नागपुरात क्लास लावला, घड्याळ लावून चित्रं काढली आणि पास झाले. सरांना कळवलंही नाही.

दहाएक वर्षांनी गोंदियात माझं पहिलं प्रदर्शन भरलं. उद्घाटनाला गर्दी, पाहुणे चहासाठी थांबलेले, आणि एका मोठ्या चित्रासमोर काठी टेकून सर उभे. बोलावलं नव्हतं, तरी पॅसेंजरने आले होते. काही केल्या हलेनात. मागे लोक खोळंबले. शेवटी मी गेले. सर आता परीक्षा घेणार, अशा तयारीनेच.

"हे मले नाही समजलं," ते म्हणाले. "समजावून सांग."

मी अमूर्त चित्राबद्दल सांगू लागले. ते मध्येमध्ये प्रश्न विचारत, खिशातल्या चिटोऱ्यावर काहीतरी लिहीत. आयोजक लांबून खुणा करत होते. पाहुणे चहा न घेता निघून गेले. मी मनात चरफडत होते, पण बोलणं थांबवता येईना.

बऱ्याच वेळाने सरांनी चिटोरा घडी करून खिशात घातला. "अजून पुरतं नाही समजलं," ते म्हणाले. "पण एवढा वेळ बोलली, तर चित्राकडं पाहून बोलली. माझ्याकडं नाही पाहिलं. हे बरं केलं."

मी त्यांना स्टेशनवर सोडायलाही गेले नाही. गेलेले पाहुणे गाठायचे होते. त्या वर्षीच्या थंडीतच सर वारले. काकूंना भेटायला गेले तेव्हा त्यांनी सरांच्या सदऱ्याच्या खिशातला तो चिटोरा माझ्या हातात ठेवला. वरती माझं नाव होतं आणि खाली सरांच्या बारीक अक्षरात सात प्रश्न. तीनच मला विचारून झाले होते.